हरवल्याचा अर्ज

गेल्या दोन वर्षांत आपल्या हातून एकही खोटा शब्द लिहिला गेला नाही, असं दप्तरीने कुणालाही छातीठोकपणे सांगितलं असतं. शब्द सगळे खरेच असत. फक्त ते वेचून घेतलेले असत.

पोलीस ठाण्यात नोंदवह्यांचं टेबल तो सांभाळायचा, म्हणून त्याला सगळे दप्तरीच म्हणत. कुणी धापा टाकत आलं, पर्स ओढली, मोबाइल हिसकावला म्हणालं, की दप्तरी आधी त्याला खुर्ची द्यायचा, पाणी द्यायचा आणि मग अगदी घरच्या माणसासारखं विचारायचा, "नक्की ओढलीच ना? पट्टा तुटून पडली नसेल? चेहरा बघितलात का? नाही? मग उद्या कोर्टात काय सांगणार?" चौथ्या-पाचव्या प्रश्नापर्यंत समोरच्याचा स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा उडालेला असायचा. मग दप्तरी पिवळा कागद पुढे सरकवायचा. 'वस्तू हरवल्याबाबत अर्ज.' त्यावर शिक्का मारून प्रत हातात दिली की नवीन सिमकार्ड मिळायचं, दुसरं ओळखपत्र मिळायचं. माणूस आभार मानून जायचा. आणि हरवणं हा काही गुन्हा नसल्यामुळे चोरीच्या रकान्यात काही चढायचं नाही.

या हातोटीमुळे त्यांच्या हद्दीतल्या चोऱ्या दोन वर्षांत निम्म्यावर आल्या होत्या. मोठ्या साहेबांना त्याबद्दल वरून शाबासकीचं पत्र आलं होतं आणि ते त्यांनी काचेत बसवून भिंतीवर लावलं होतं. दप्तरीला साहेबांनी पत्र वगैरे दिलं नाही, पण टेबल खिडकीपाशी दिलं.

अशा सुखाच्या दिवसांत एक परिपत्रक आलं. सांख्यिकी खात्याची माणसं घरोघर जाऊन एक पाहणी करणार आहेत. गेल्या बारा महिन्यांत तुमच्या बाबतीत कुठला गुन्हा घडला का, घडला असल्यास पोलिसांत गेलात का, न गेल्यास का नाही. उत्तरं गुप्त राहतील. ठाण्याने सहकार्य करावं.

साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि दप्तरीला बोलावलं.

"हे काय नवीन? आकडे आपण पाठवतो ना दर महिन्याला?"

"पाठवतो साहेब."

"मग ह्यांना घरी जाऊन काय विचारायचंय? कुणीतरी कळ लावलेली दिसतेय." साहेबांनी दार लोटून घेतलं. "कुठल्या गल्लीत फिरतायत, कोण काय सांगतंय, जरा कान उघडे ठेव."

दप्तरीच्या मनातही पाल चुकचुकली होती. आपल्याच हद्दीत ही माणसं का यावीत? ठाण्यातलंच कुणी फुटलं तर नसेल? त्याने मनातल्या मनात एकेकाचा चेहरा तपासून पाहिला. शेजारच्या टेबलावरचे काका, म्हणजे निवृत्तीला दीड वर्ष उरलेले जुने शिपाई, हल्ली गप्प गप्प असायचे. त्यांच्यावर त्याची नजर जरा जास्त वेळ रेंगाळली.

पुढच्या आठवड्यात, त्याच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी दहाला, त्याच्याच दाराची बेल वाजली.

दारात चाळिशीच्या एक बाई उभ्या होत्या. खांद्याला जाड पिशवी, गळ्यात ओळखपत्र. दप्तरीने ओळखपत्र हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं. बाईंनी बघू दिलं, घाई केली नाही.

"आमचंच घर कसं आलं?" त्याने विचारलं.

"यादीतून. दर सहावं घर."

"मी पोलिसात आहे, हे माहीत आहे तुम्हाला?"

"आत्ता कळलं," बाई म्हणाल्या. "त्याने काही फरक पडत नाही. घरात प्रौढ माणसं किती?"

दोनच होती. मुलगी शिकायला परगावी. बाईंनी दोघांच्या जन्मतारखा लिहून घेतल्या, एका छापील तक्त्यावर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "वहिनींशी बोलायचंय. तुम्हाला थोडा वेळ बाहेर थांबावं लागेल."

"माझ्याच घरातून मी बाहेर?"

"नियम आहे. ज्याला विचारायचं त्याला एकट्यालाच विचारायचं. काही घडलेलं नसलं तर दहा मिनिटांचं काम आहे."

"आणि घडलेलं असलं तर?"

"तर प्रत्येक घटनेचा वेगळा फॉर्म भरायचा. त्याला वेळ लागतो."

बायको तोवर ओले हात पुसत बाहेर आली होती. ती चष्म्याच्या दुकानात अर्धा दिवस कामाला जायची. निघायला अजून दोन तास होते. ती काही टाळाटाळ करील, 'मला नाही बाई त्यातलं कळत' म्हणेल, असं दप्तरीला वाटलं होतं. तिने खुर्ची पुढे ओढली आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, जाऊन या की खाली. तेवढंच ऊन लागेल अंगाला."

दप्तरी खाली येऊन पाण्याच्या पंपाजवळच्या कट्ट्यावर बसला. घड्याळ बघितलं. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. तळमजल्यावरच्या काकू कपडे वाळत घालत होत्या. त्यांच्याकडेही बाई सकाळी येऊन गेल्या होत्या.

"तुमचं किती वेळ चाललं होतं?" त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"माझं काय, चहा ठेवला तो उकळेपर्यंत झालंसुद्धा," काकू म्हणाल्या. मग वर, त्याच्या खिडकीकडे बघून म्हणाल्या, "बरं झालं, तुमच्याकडे पण गेल्या." आणि बादली उचलून आत गेल्या.

बरं झालं म्हणजे काय? दप्तरीला ते वाक्य खड्यासारखं टोचत राहिलं. वीस मिनिटं झाली. पंचवीस. तो दोनदा जिन्यापर्यंत जाऊन परत आला. बाई खाली उतरल्या तेव्हा अठ्ठेचाळीस मिनिटं झाली होती. त्याने मनाशी हिशेब केला. दहा मिनिटं साध्या प्रश्नांची. उरलेल्या अडतीस मिनिटांत एक घटना बसते, की दोन?

वर बायको भांडी लावत होती.

"एवढं काय विचारत होत्या?"

"त्यांच्याकडे यादी होती. ती विचारली."

"तू काय सांगितलंस?"

"जे विचारलं ते." तिने ताटं एकावर एक रचली. "त्या म्हणाल्या, हे कुणाला सांगायचं बंधन नाही. मग बरं वाटलं."

त्या दिवसापासून दप्तरी बायकोकडे ठाण्यात आणलेल्या संशयिताकडे बघावं तसा बघायला लागला. ती फोनवर बोलताना गॅलरीत का जाते? दुकानातून यायला वीस मिनिटं लागतात, परवा पस्तीस का लागली? तिच्या बाबतीत बारा महिन्यांत काही घडलं आणि ते नवऱ्याला, तोही पोलिसातला, माहीत नाही, हे त्याला पचत नव्हतं. एकदा वाटलं, दुकानात कुणी त्रास देत असेल. एकदा वाटलं, हिने आपल्याच पिवळ्या अर्जांची गोष्ट बाईंना सांगितली असेल. रात्री जेवताना आपणच तर हसत हसत सांगत असतो. आणि एकदा, आरशासमोर दाढी करताना, याहून वाईट काहीतरी मनात आलं, ते त्याने साबणाच्या फेसासकट पुसून टाकलं.

तिकडे साहेबांचा धोशा चालूच होता. "त्या बाईला गाठ. कागद बघायला मिळतात का बघ."

दप्तरीने बाईंना गाठलं. दोन गल्ल्या सोडून एका इमारतीच्या पायरीवर बसून त्या फॉर्मांवर क्रमांक घालत होत्या. दप्तरी गणवेशात होता. त्याला बघताच बाईंनी फॉर्म उलटे करून मांडीवर ठेवले. त्याची संशयाची नजर त्यांनी ओळखली असावी, कारण तशीच नजर त्यांनी त्याच्यावर रोखली.

"आमच्या साहेबांना वाटतं, तुम्ही आमचे आकडे खोटे पाडायला आलात," तो म्हणाला.

"तुमच्या आकड्यांशी माझं काही देणंघेणं नाही. ठाण्यात जे पोचतं ते तुम्ही मोजता. जे पोचत नाही ते मोजायला आम्ही घरी जातो."

"लोक थापा मारतात. पेपर हरवला तरी चोरी सांगतील."

"मारतात काही. काही जण विसरतात, काही जण दोन वर्षांपूर्वीचं गेल्या महिन्यात आणून ठेवतात. म्हणून तर फिरवून फिरवून विचारतो." बाईंनी पेनाचं टोपण लावलं. "पण खरं सांगू? जास्त करून लोक लपवतात. त्यांना वाटतं, ह्याला काय गुन्हा म्हणायचं."

त्याने आवाज खाली आणला. "माझ्या घरात किती फॉर्म भरले? मजकूर नको. नुसता आकडा."

बाईंनी भरलेले फॉर्म पिशवीत टाकले. "ते मी माझ्या साहेबांनाही नावानिशी सांगू शकत नाही. आणि तुम्हाला तर मुळीच नाही." मग पिशवीतून एक कोरा संच काढून त्याच्या हातात दिला. "हा सगळ्यांसाठी खुला आहे. प्रश्न वाचा. उत्तरं मिळणार नाहीत."

तो संच त्याने घडी करून खिशात टाकला. कोऱ्या कागदाचा काय उपयोग, असं त्याला वाटलं. डोक्यात भलतंच चक्र सुरू झालं होतं. आठ महिन्यांपूर्वी बायकोने नवीन फोन घेतला होता. जुना पाण्यात पडला म्हणाली होती. त्याच सुमारास तिचं मनगट सुजलं होतं. जिन्यावर पाय घसरला म्हणाली होती. तो तेव्हा आठवडाभर प्रशिक्षणाला बाहेरगावी होता. आल्यावर दोन्ही गोष्टी ऐकल्या आणि सोडून दिल्या. एखाद्या अनोळखी बाईने त्याला एकाच आठवड्यातल्या अशा दोन गोष्टी सांगितल्या असत्या, तर त्याच्या लगेच लक्षात आलं असतं.

ठाण्यात जाऊन त्याने कपाटातला पिवळ्या अर्जांचा गठ्ठा काढला आणि त्या आठवड्याचे कागद चाळायला घेतले. सातवा कागद हातात आला आणि त्याने खुर्ची मागे सरकवली.

अर्जदार म्हणून त्याच्या बायकोचं नाव होतं. हँडबॅग, मोबाइल, दुकानाची किल्ली आणि एका गिऱ्हाइकाचा तयार चष्मा बसथांब्याजवळ हरवला. खाली तिची सही होती, डाव्या हाताने केल्यासारखी वाकडीतिकडी. अक्षर काकांचं होतं.

काका टेबलावरून त्याच्याकडेच बघत होते.

"वहिनींनी सांगू नका म्हटलं होतं," ते म्हणाले.

"काय झालं होतं?"

"मोटरसायकलवर दोघं होते. बॅग ओढली, वहिनी पट्ट्याबरोबर फरपटल्या. इथे आल्या तेव्हा कोपरातून रक्त येत होतं. मी खुर्ची दिली, पाणी दिलं." काकांनी पेन खाली ठेवलं. "मग तुम्ही शिकवलंय तसे विचारले प्रश्न. पट्टा तुटला नसेल ना, चेहरा बघितला का. वहिनी चौथ्या प्रश्नाला म्हणाल्या, काका, तो पिवळा कागदच द्या."

दप्तरीला काकांचा राग आला. मग तो राग कुठे ठेवावा ते कळेना. त्याने अर्ज खिशात घातला आणि दुपारचं जेवण न करता ठाण्यामागच्या आवारात, जप्त गाड्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. खिशात हात घातला तर अर्जाबरोबर बाईंचा कोरा संचही हाताला लागला. काहीतरी करायचं म्हणून त्याने तो उघडला.

प्रश्न साधे होते. घरातून काही चोरीला गेलं का. रस्त्यात कुणी काही हिसकावलं का. सहाव्या पानावर वर चौकट होती: 'हा भाग विचारताना घरातील इतर कोणीही उपस्थित नसल्याची खात्री करावी.' आणि खाली: घरातील किंवा ओळखीच्या कुठल्या व्यक्तीने गेल्या बारा महिन्यांत तुम्हाला ढकललं का, मारलं का, कुठली वस्तू फेकून मारली का.

त्याने तो प्रश्न दोनदा वाचला.

पाण्याची स्टीलची बाटली होती. अकरा महिने झाले असतील. भांडण कशावरून झालं ते आता आठवत नव्हतं. एवढं आठवत होतं की बाटली भिंतीवर आपटली होती. निदान आजवर त्याला ती भिंतीवरच आपटलेली आठवत होती. आता पान समोर धरल्यावर बायकोने कानामागे दाबून धरलेला टॉवेल आठवला, डॉक्टरांनी घातलेले दोन टाके आठवले, आणि दवाखान्यात 'कपाटाचं दार लागलं' हे वाक्य आपणच आधी बोललो होतो, तेही आठवलं. अशा प्रकरणांसाठी नोंदवहीत त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. किरकोळ कौटुंबिक वाद, समज देऊन पाठवले. ते त्याने शेकडो वेळा लिहिलं होतं.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा बायको खिडकीशी बसून एका चष्म्याचा स्क्रू बसवत होती. त्याने पिवळा अर्ज तिच्यासमोर ठेवला. तिने तो बघितला आणि काम चालूच ठेवलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्हीही तेच विचारलं असतं. पट्टा तुटला नसेल ना."

"मी घरच्या माणसाला असं विचारलं असतं?"

"त्या दिवसांत तुमचा राग कशावरून कसा निघेल, ह्याचा मला भरवसा नव्हता," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "डोक्याचे टाके काढून तीनच महिने झाले होते."

"तेही सांगितलंस त्या बाईंना?"

"त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं."

"अगं, पण ते... त्याला काय मारहाण म्हणतात?"

"त्या काही म्हणाल्याच नाहीत. कुणी काही फेकून मारलं का, एवढाच प्रश्न होता. हो किंवा नाही." तिने चष्मा उजेडात धरून बघितला. "माझ्या ताईला माहीत आहे. खालच्या काकूंना माहीत आहे, त्यांनीच तर तेव्हा रिक्षा बोलावली. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट फक्त आपल्या घरात कुणाला माहीत नव्हती."

त्याला बरंच काही बोलायचं होतं. ओठांवर येईपर्यंत त्यातलं प्रत्येक वाक्य पिवळ्या अर्जावरच्या वाक्यासारखं होत होतं. शेवटी तो म्हणाला, "बाटली भिंतीला लागली नव्हती." एवढंच.

"नव्हती," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो साहेबांपुढे उभा राहिला. बॅगेच्या चोरीचा गुन्हा नोंदवायचा आहे म्हणाला. साहेबांनी अर्ज वाचला, आणि आधी त्यांना वाईटच वाटलं. मग त्यांचे डोळे बारीक झाले.

"घरातलं माणूस म्हणून गुन्हा? मग बाकीच्यांचं काय? त्या गठ्ठ्यात असे किती असतील?"

हा प्रश्न दप्तरीला स्वतःला सुचला नव्हता, याची त्याला लाज वाटली. "बघतो," तो म्हणाला.

"बघू नकोस. मी तुला बघायला सांगत नाहीये."

तरी त्याने बघितलं. गठ्ठ्यातून त्याला आठवत असलेले तेवीस अर्ज त्याने वेगळे काढले आणि दुपारच्या मोकळ्या वेळात एकेकाला फोन लावला. त्याला वाटलं होतं, लोक तुटून पडतील. लोक घाबरले. "आता कशाला विचारताय?" एक जण म्हणाला. "माझं काही म्हणणं नाही, हरवलंच होतं," दुसरी म्हणाली, आणि तिच्या गळ्यावर पडलेला वळ दप्तरीने स्वतः बघितला होता. एका म्हाताऱ्या शिक्षकांनी तर त्याच्याकडूनच त्याचा हुद्दा आणि नंबर लिहून घेतला. तेवीसपैकी पाच जण चोरी म्हणाले. बाकीच्यांना त्यानेच इतकं पक्कं पटवलं होतं की आता उलटं पटवणं त्याच्या हातात राहिलं नव्हतं.

ते पाच आणि बायकोचा एक, असे सहा गुन्हे त्याने साहेबांना न विचारताच चढवले. महिन्याचा आकडा वर गेल्याबरोबर साहेबांचं त्याच्याशी बोलणं बंद झालं. काका सोडून सगळे त्याच्यासमोर आवाज खाली आणून बोलायला लागले; फुटलेला माणूस तोच, असं ठाण्याने ठरवून टाकलं होतं. तिसऱ्या आठवड्यात बदलीचा कागद आला. जप्त मालाचं गोदाम, गावाच्या दुसऱ्या टोकाला.

त्याच दिवशी दुपारी बायको ठाण्यात आली. तिचा जबाब राहिला होता. ती दप्तरीच्या टेबलाकडे आली नाही. सरळ काकांपुढे जाऊन बसली. तो खिडकीपाशी आपले खण रिकामे करत होता. मधे फक्त एक टेबल होतं, सगळं ऐकू येत होतं.

काकांनी एकही प्रश्न फिरवून विचारला नाही. ती सांगत गेली, ते लिहीत गेले. मग त्यांनी चष्मा कपाळावर चढवून सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. तिने दोन शब्द बदलायला लावले. 'पडली' नाही, 'फरपटली' लिहा, म्हणाली. काकांनी खोडून तसं लिहिलं.

सहीसाठी कागद फिरवताना काकांनी छापील शेवटचा प्रश्न विचारला. "आणखी काही तक्रार?"

दप्तरीचे हात खणात थबकले. बायकोने त्याच्याकडे बघितलं. खोलीत पंखा फिरत होता, बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. ती किती वेळ बघत होती हे त्याने या वेळी घड्याळात बघितलं नाही.

"आज नाही," ती काकांना म्हणाली.

तिने उजव्या हाताने ठसठशीत सही केली, प्रत मागून घेतली, नीट घडी करून नव्या बॅगेत ठेवली आणि दुकानाची वेळ झाली म्हणून निघून गेली.